फोनची बेगमी : रेंज नसलेल्या वाडीत मोबाईलवर शिकवायचं कसं

कोकणातल्या शाळेत मोबाईल वापरायचा तर पहिल्यापासून एक गोष्ट धरून चालावं : वर्गात रेंज नसणार. सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळी माळावर, चार दांड्या दिसतात आणि घाटी उतरून वाडीत आलं की एकही नाही. पावसाळ्यात लाईट गेली की काही तासांत टॉवरही मान टाकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कित्येक दिवस ना वीज होती ना नेटवर्क. आणि नेमकं त्याच महिन्यात शाळा ऑनलाईन भरवायचं घाटत होतं.

म्हणून इथली रीत वेगळी. तांदूळ, मीठ, सुकी मासळी पावसाआधी भरून ठेवतात तसा फोन रेंज असताना भरायचा आणि वर्गात विमान मोडवर टाकून वापरायचा. त्यात आणखी दोन फायदे आहेत. रेंज क्षीण असली की फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच संपते. विमान मोडवर तीच बॅटरी बराच जास्त वेळ पुरते. दुसरा फायदा म्हणजे जाहिराती, फोन आणि गेमची आमंत्रणं आपोआप बंद. मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी कुठलं ॲप घ्यावं, असं पालक विचारतात. त्याच्या आधी हे एक बटण दाबून बघा.

चाकरमान्याचा जुना फोन घेताना

शाळेसाठी नवे फोन क्वचितच मिळतात. गणपतीत नाहीतर मे महिन्यात मुंबईहून आलेल्यांकडे मात्र घरटी एक जुना फोन पडून असतो. तो मागून घ्यायला हरकत नाही, पण देणारा गावात असेपर्यंत पुढच्या गोष्टी त्याच्यासमोर उरकून घ्या.

सेटिंग्जमध्ये ‘खाती’ उघडून त्याचं गूगल खातं आधी काढून टाकायचं, मग स्क्रीन लॉक काढायचं आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करून फोन कोरा करायचा. खातं न काढताच बाजूची बटणं दाबून रीसेट केलं, की फोन सुरू होताना जुन्या मालकाचं खातं आणि पासवर्ड मागतो. तोवर मालक परळला पोचलेला असतो आणि त्यालाही पासवर्ड आठवत नसतो. असा फोन म्हणजे आरसा.

फोन टेबलावर उताणा ठेवून बोटाने एका कोपऱ्यावर दाबा. कॅमेऱ्याचा उंचवटा नसतानाही डुगडुगला, किंवा मागचं झाकण फुगलेलं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन घेऊच नका. बॅटरी दाबून बसवायला किंवा टोचायला जाऊ नका, पेट घेते. फुगलेली नसेल तर पूर्ण चार्ज करून विमान मोडवर अर्ध्या उजेडात तासभर व्हिडिओ लावा. बरी बॅटरी दहा-पंधरा टक्के उतरते. पंचवीसच्या वर उतरली तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच फोन घ्यायचा.

साठवण ३२ जीबी आणि शिवाय मेमरी कार्डाची जागा असावी. फार जुन्या अँड्रॉइडवर नवी ॲप बसत नाहीत, तेव्हा दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप बसतं का, ते तिथल्या तिथे करून बघा. फायफॉक्स हे ॲपही टाका. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं हे मोफत ॲप फोनमधले सेन्सर प्रयोगासाठी मोकळे करून देतं. जो सेन्सर फोनमध्ये नाही त्याचे प्रयोग यादीत पुसट दिसतात. स्वस्त फोनमध्ये बहुधा होकायंत्राचा सेन्सर किंवा फिरणं ओळखणारा जायरोस्कोप नसतो. माइक आणि हालचाल ओळखणारा सेन्सर जवळजवळ सगळ्यांत असतो.

स्क्रीन तडकलेला पण स्पीकर धड असलेला फोन टाकू नका. तडा पारदर्शक टेपने झाकून तो ‘ऐकायचा फोन’ करा. सिमकार्ड एकाही फोनला लागत नाही. फक्त सिम नसलेल्या फोनचं घड्याळ हाताने लावावं लागतं आणि महिन्याभरात ते थोडं पुढेमागे होतं, हे लक्षात ठेवा. पुढे भरती-ओहोटीच्या नोंदीत ते आडवं येतं.

पंधरा-वीस पटाच्या शाळेला तीन फोन पुरतात. दर मुलामागे एक फोन असता तर, ही हळहळ सोडून द्यावी. एका फोनभोवती चार मुलं बसली की ती आपसात बोलतात, एकमेकांना सुधारतात. एकेकाला फोन दिला की वर्गात शांतता होते, पण ती टीव्हीपुढची शांतता.

काय भरायचं, किती भरायचं

बहुतेक घरांत रोजचा दीड जीबीचा पॅक असतो आणि तो रात्रीपर्यंत संपत नाही. उरलेला डेटा भरणीला वापरायचा. हिशेब ढोबळ असा : ३६० पी दर्जाचा व्हिडिओ तासाला सुमारे ३०० एमबी घेतो, ७२० पी त्याच्या तिप्पट-चौपट. चार मुलं एका फोनवर बघणार असतील तर ३६० पुरतो. नकाशा किंवा फळ्यावरची बारीक अक्षरं असतील तरच ४८० घ्या. आवाजाची फाईल फारच स्वस्त. ३२ केबीपीएस या हलक्या दर्जावर तासाभराचं वाचन १५ एमबीच्या आत बसतं, म्हणजे सगळ्या इयत्तांच्या कविता आणि धडे मिळूनही एक जीबी भरत नाही. म्हणून शंका आली की व्हिडिओऐवजी आवाज भरा.

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट मिळतात. आपल्या शाळेतल्या इयत्तांची तर घ्याच, शिवाय एक इयत्ता खालची आणि एक वरची घ्या. मागे पडलेल्या मुलाला खालच्या इयत्तेचं पुस्तक सगळ्यांदेखत हातात द्यावं लागत नाही, फोनवर गुपचूप उघडता येतं.

पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर धड्याचं साहित्य उघडतात. दमट हवेने पान सुरकुतलं की कोड वाचला जात नाही. पान पाटीवर ताठ धरा आणि सावलीत स्कॅन करा. कोडखाली सहा अक्षरांचा संकेतांक छापलेला असेल तर तो दीक्षाच्या शोधचौकटीत टाइप करा. साहित्य उघडलं एवढ्यावर थांबू नका, डाउनलोडचं चिन्ह दाबून ते फोनमध्ये उतरवा. उतरवलेलं साहित्य दीक्षामधूनच फाईल म्हणून दुसऱ्या फोनला देता येतं, त्याला नेट लागत नाही.

किविक्स नावाच्या ॲपमध्ये मराठी विकिपीडिया अख्खा उतरवता येतो. चित्रांसह आणि चित्रांविना अशा आवृत्त्या असतात. कार्डावर जागा असेल तर चित्रांसह घ्या. याच ॲपमध्ये एक फारसं कुणी न वापरलेलं बटण आहे : पुस्तकं ‘होस्ट’ करण्याचं. ते दाबलं की एका फोनवरची पुस्तकं त्याच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या बाकीच्या फोनना ब्राउझरमध्ये वाचता येतात. ॲप एक पत्ता दाखवतं, तो फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी आपापल्या फोनवर टाइप करायचा. डेटा एक दमडीचा खर्च होत नाही, कारण सगळा व्यवहार खोलीतल्या खोलीत होतो.

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा ऑफलाईन उतरवून ठेवा. वाक्यांसाठी त्यावर विसंबू नका, शब्दापुरतं ठीक.

यूट्यूबच्या ॲपमध्ये केलेला डाउनलोड ठरावीक मुदतीनंतर पुन्हा नेट मागतो. जूनमध्ये भरलेला व्हिडिओ ऐन जुलैत उघडेनासा होतो तो यामुळे. पावसाळ्यासाठी भरायचं ते फाईल म्हणून फोनमध्ये राहील असंच भरा. भरून झालं की विमान मोड लावा आणि एकेक फाईल उघडून बघा. दोन दिवसांनी परत बघा. हे तपासणं सगळेच टाळतात आणि मग तास सुरू झाल्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसतात.

फाइलींना नावं देताना इयत्ता, विषय आणि क्रमांक या क्रमाने द्या : ‘४ मराठी ०३’ असं. ‘व्हिडिओ-२०२४०६…’ अशा नावांच्या ढिगातून धडा शोधण्यात दहा मिनिटं जातात, आणि तास पस्तीस मिनिटांचा. ज्या फोनवर व्हॉट्सॲप आहे तिथे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा, नाहीतर सुप्रभाताच्या फुलांनी कार्ड भरतं.

फोनवरून फोनवर द्यायला क्विक शेअर वापरा. पूर्वी याचंच नाव निअरबाय शेअर होतं. ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू लागतात, आणि समोरच्या फोनवर ‘सगळ्यांना दिसू दे’ हा पर्याय थोडा वेळ उघडावा लागतो. ते अडलं तर मेमरी कार्ड काढून फिरवा. जुनी रीत आहे, पण कधी दगा देत नाही.

एक शिक्षक, दोन-तीन इयत्ता

द्विशिक्षकी शाळेत फोनचा खरा उपयोग इथे आहे. शिक्षक पहिली-दुसरीला हातात धरून शिकवत असताना तिसरी-चौथीचं काय करायचं, हा रोजचा प्रश्न. त्यांना ऐकायचा फोन द्या. धडा शिक्षकांनी स्वतःच्या आवाजात आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेला असावा, सात-आठ मिनिटांपेक्षा मोठा नको, आणि मध्ये मध्ये सूचना हव्यात : ‘इथे थांबा. पान ३२ वरचं चित्र बघून तीन वाक्यं लिहा. लिहून झालं की पुढे ऐका.’ तयार व्हिडिओपेक्षा हे जास्त चालतं. आवाज ओळखीचा असतो आणि मुलांच्या हाताला काम मिळतं.

रेकॉर्डिंग करताना फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. पंखा बंद करा. किनाऱ्यावर वारा असेल तर माइकवर रुमालाची एक घडी टाका. पत्र्याच्या छपराखाली पावसात रेकॉर्डिंगही होत नाही आणि ऐकूही येत नाही. त्या दिवसांसाठी छोटा ब्लूटूथ स्पीकर किंवा एकाच पिनेतून दोन-तीन इअरफोन काढणारा फाटा घेऊन ठेवा. फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो हे खरं, पण घुमतो आणि शब्द कळत नाहीत. गाण्याला चालेल, धड्याला नाही.

चौघांच्या गटात कामं वाटून द्या. एक फोन धरणार, एक मोठ्याने वाचणार, एक लिहिणार, एक वेळ बघणार. दर दहा मिनिटांनी कामं फिरवायची. फिरवली नाहीत तर फोन कायम एकाच्याच हातात राहतो, आणि तो बहुधा सगळ्यात दांडगा मुलगा असतो.

वाचन तपासायला फोनसारखं साधन नाही. शंभर शब्दांचा एक उतारा निवडा. प्रत्येक मुलाचं एका मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करा आणि नीट वाचलेले शब्द मोजून वहीत मांडा. पुढच्या महिन्यात तोच उतारा, तेच मिनिट. तीन महिन्यांनी मुलाला त्याचे तिन्ही आवाज सलग ऐकवा. गुणपत्रिकेतल्या आकड्यापेक्षा आईबापांना हे लगेच समजतं, मुलाला तर समजतंच.

मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या मुलांना पुस्तकी मराठी परकी वाटते. त्यावर उपाय त्यांच्याच आजीकडे आहे. भाताच्या जाती, माशांची नावं, कुणग्यांची म्हणजे भातखाचरांची नावं, वायंगणाच्या म्हणजे उन्हाळी भातशेतीच्या गोष्टी मुलांनी तिला विचारून घरी रेकॉर्ड कराव्यात आणि वर्गात ऐकून प्रमाण मराठीत लिहाव्यात. आधी आजीची परवानगी घ्यायची, आणि रेकॉर्डिंग तिला ऐकवल्याशिवाय शाळेत आणायचं नाही.

फोन म्हणजे मोजपट्टी

बहुतेक शाळा फोनकडे पडदा म्हणून बघतात. त्याच्यातलं घड्याळ, माइक, होकायंत्र आणि कॅमेरा ही प्रयोगशाळा आहे, आणि तिला नेट अजिबात लागत नाही.

सोपी सुरुवात लंबकाने करा. पडवीच्या वाशाला दोरा बांधून त्याला दगड किंवा आख्खी सुपारी लटकवा. लांबी गाठीपासून सुपारीच्या मध्यापर्यंत मोजायची. २५ सेंटिमीटरला एक झोका, म्हणजे जाऊन परत येणं, सुमारे एक सेकंद घेतो. एक मीटरला दोन सेकंद. लांबी चौपट केली तरी वेळ दुप्पटच होते, हे मुलांना स्वतः सापडू द्या. एकच झोका मोजू नका. बोटाने स्टॉपवॉच दाबण्यात दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते. दहा झोके मोजून दहाने भागलं की चूकही दहाने भागली जाते. झोका फार मोठा द्यायचा नाही, आणि वाऱ्याच्या दिवशी हा प्रयोग खोलीत करायचा. नववी-दहावीला याच मोजणीवरून गुरुत्वत्वरण काढायला लावा. लांबी एक मीटर आणि वेळ २.०१ सेकंद आली तर उत्तर ९.७७ येतं.

ध्वनीचा वेग मोजण्यासाठी फायफॉक्स असलेले दोन फोन लागतात. त्यातलं ‘अकूस्टिक स्टॉपवॉच’ आवाजाने सुरू होतं आणि दुसऱ्या आवाजाने थांबतं.

१. ओटीवर किंवा व्हरांड्यात पाच मीटर टेपने मोजून दोन टोकांना दोन स्टुलं ठेवा आणि त्यांवर फोन ठेवा. दोन्ही घड्याळं तयार स्थितीत आणा.
२. पहिल्या फोनच्या अगदी मागे उभ्या राहिलेल्या मुलाने स्टीलच्या ताटलीवर चमचा एकदाच वाजवायचा. दोन्ही घड्याळं सुरू होतात. लांबचं किंचित उशिरा.
३. दोन-तीन सेकंदांनी दुसऱ्या फोनमागच्या मुलाने तसाच आवाज करायचा. दोन्ही थांबतात, आता पहिलं उशिरा.
४. दोन्ही वेळांची वजाबाकी करा. आवाजाला दोनदा पाच, म्हणजे दहा मीटर जायला लागलेला वेळ तो हाच. दहाला त्या वेळाने भागा.

शून्य अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. कोकणातल्या तीस अंशाच्या दुपारी तो ३४९ च्या आसपास यायला हवा, म्हणजे वजाबाकी सुमारे ०.०२९ सेकंद. उत्तर भलतंच आलं तर कारण बहुतेक वेळा या तिघांतलं एक असतं. वाऱ्याने किंवा कावळ्याने घड्याळ आधीच सुरू केलं असेल, तर ॲपमधला आवाजाचा उंबरठा वाढवा. आवाजाच्या घुमण्यानेच घड्याळ लगेच थांबलं असेल, तर किमान विलंबाचा आकडा वाढवा. नाहीतर मुलगा फोनच्या मागे न राहता दोन्ही फोनच्या मध्ये शिरला असेल. मग अंतर पाच मीटर उरत नाही. पाच वेळा करून सरासरी घ्या. टाळीही चालते, पण ताटलीचा आवाज टोकदार असल्याने घड्याळ तो नेमका पकडतं.

होकायंत्राचा सेन्सर असलेला फोन मिळाला तर राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या सड्यावर सहल न्या. तिथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई दिशा चुकते, म्हणून ती जागा प्रसिद्ध आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि हे ठिकाण त्या यादीतलं एक. फायफॉक्समधला चुंबकीय क्षेत्राचा प्रयोग उघडा. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला असतं. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यात चार-पाच वेळा फिरवून सेन्सर जागेवर आणा, चुंबकाचं बटण असलेलं कव्हर काढून ठेवा, आणि शिल्पाबाहेर दहा मीटरांवरून सुरुवात करून दर पावलाला दिशा आणि आकडा वहीत लिहा. फोन नेहमी जमिनीपासून सारख्याच उंचीवर धरायचा. शिल्पावर पाय द्यायचा नाही, रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवायचा नाही की पाणी ओतायचं नाही. सकाळी किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात रेषा आपोआप उठतात.

भरतीचं गणित

खाडीकाठच्या शाळेला मिळणारा सगळ्यात सुंदर प्रयोग हा आहे. दहा-दहा सेंटिमीटरवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेला बांबू जेटीच्या खांबाला घट्ट बांधा. एक जागा ठरवून तिथे खूण करा आणि दर अर्ध्या तासाने तिथूनच फोटो काढा. प्रत्येक फोटोवर वेळ आपोआप नोंदली जाते. म्हणूनच फोनचं घड्याळ आधी नीट लावायला हवं. फोटोतले पट्टे मोजून वहीत आलेख काढला की भरती आणि ओहोटीत सहा तासांहून थोडं जास्त अंतर दिसतं.

मग जुना आडाखा तपासायला घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, असं किनाऱ्यावरचे जाणते सांगतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पाऊणपट म्हणजे रोज ४५ मिनिटं उशीर. प्रत्यक्षात भरती सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे रोज पाच मिनिटं मागे पडत प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत आडाखा तासाहून जास्त चुकायला हवा. तसा चुकतो का? आपल्या खाडीच्या तोंडाशी आणि आतल्या बंदरावर वेळ वेगळी येते का? उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी किती पट्टे चढतं आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, किती? पंधरा दिवसांच्या फोटोंवर अपूर्णांक, सरासरी, आलेख आणि चंद्राच्या कला असा चार धड्यांचा अभ्यास निघतो. घरचा माणूस होडीवर जात असेल तर त्याला साक्षीला बोलवा, मुलांचं गणित तो फार बारकाईने तपासतो.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर जायचं तर पाणी परत फिरण्याच्या वेळेआधी बाहेर यायचं, पायात पकड असलेली चप्पल-बूट हवेत, आणि पावसाळ्यात हा कार्यक्रमच नाही. कालवं, शंखातले खेकडे, समुद्रफुलं यांचे फोटो जागेवर काढा, उचललेला दगड होता तसा ठेवा. फोटोत आकार कळावा म्हणून शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवायचं. फोन दोरीने गळ्यात बांधलेला असावा. खडकावरून घसरलेला फोन खारट डबक्यातच पडतो.

बारीक गोष्टी बघायला जुन्या लेझर टॉर्चमधलं भिंग काढा आणि केसांच्या पिनेत अडकवून कॅमेऱ्यावर टेपने चिकटवा. कॅमेरे तीन-चार असतील तर चालू कुठला, ते बोट ठेवून शोधा. वस्तू भिंगापासून सेंटिमीटरभरच लांब ठेवायची, फोन दोन पुस्तकांवर टेकवायचा, उजेड बाजूने द्यायचा. रत्नागिरीच्या मांडवीची काळी वाळू आणि पांढऱ्या समुद्राची वाळू अशी शेजारी शेजारी बघितली की एकाच गावाला दोन रंगांचे किनारे कसे, हा प्रश्न मुलंच विचारतात.

दमट हवा आणि मीठ

फोन बिघडतो तो बहुधा चार्जिंगच्या तोंडाशी. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात, आणि पावसात ‘ओलावा आढळला’ म्हणून फोन चार्ज व्हायचं नाकारतो. फोन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवून परत वापरता येतात. तवा स्वयंपाकाचा नको.

भिजलेला फोन तांदळात पुरू नका. तांदूळ घरोघर असल्याने हा उपाय कोकणात फारच बोकाळला आहे, पण कोंडा आणि पीठ तोंडात शिरून नवाच घोळ होतो. फोन बंद करा, पुसा, तोंड खाली करून पंख्याखाली रात्रभर उभा ठेवा आणि तोवर चार्जर लावू नका. समुद्राच्या पाण्यात पडला असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. बंद करून गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे उघडायला द्या. मीठ आत बसून सर्किट खातं.

दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन दोनदा भरेल असं वाटतं, पण भरत नाही. तिच्यातली बॅटरी ३.७ व्होल्टची आणि बाहेर द्यायचे पाच व्होल्ट, शिवाय उष्णतेत काही जातं. दीड वेळा भरला तर समाधान माना आणि बेगमी त्या हिशेबाने करा. विजा कडाडत असताना चार्जर भिंतीतून काढून ठेवा.

लगाम

मुलांच्या हाती फोन देताना ॲप पिन करा. सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागात हा पर्याय मिळतो. चालू करताना ‘अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा’ हेही निवडा. मग अलीकडच्या ॲपच्या यादीत त्या ॲपच्या चिन्हावर दाबून पिन करायचं. मुलाला तेवढंच ॲप दिसतं.

घरचा फोन मुलांना द्यायचा असेल तर पैशांच्या ॲपना वेगळं कुलूप लावा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे मुलांनाच शिकवा, ती घरी आजीला शिकवतील. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. मुलांचे फोटो आणि आवाज पालकांच्या लेखी संमतीशिवाय शाळेबाहेर जाऊ देऊ नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या सगळ्यांना बालकच धरतो.

पालकांच्या गटावर लिहिण्याची मुभा फक्त शिक्षकांना ठेवा. गृहपाठ संध्याकाळी सातनंतर पाठवा, कारण दिवसभर फोन बापाबरोबर बागेत किंवा बोटीवर असतो. पानाचा फोटो पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं पुसट होतात. आणि सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप जोडा. घरी मुलाजवळ बसणारी आजी वाचू शकत नसेल, पण ऐकून ‘पान बत्तीस काढ’ म्हणू शकते.